कडी असलेली खोली

ऐश्वर्याची पाण्याची बाटली सकाळी भरून जायची आणि संध्याकाळी रिकामी होऊन यायची. घरातल्या सगळ्यांना त्याचं फार समाधान होतं. आबा तर तिच्या दप्तरातून बाटली काढून उलटी धरायचे, एकही थेंब पडला नाही की म्हणायचे, "शाब्बास! सगळ्या खोल्या ओल्या झाल्या म्हणायच्या."

हे खोल्यांचं प्रकरण सुरू झालं ते नांदेडहून परत येताना, एसटीत.

त्याआधी कितीतरी महिने ऐश्वर्याचे पाय दुखत होते. कधी मांड्या, कधी नडग्या, कधी हाताची मनगटं. वाढत्या अंगाचं दुखणं असेल म्हणून आईनं तेल चोळलं. कुणी म्हणालं वारं गेलं, कुणी म्हणालं नजर लागली. मग एकदा दुखणं इतकं चढलं की तिच्या पप्पांनी, भीमराजनं, तिला पाठीवर घेतलं आणि सिमेंटचं पोतं न्यावं तसं रस्त्यापर्यंत नेलं. चालता चालता तो रडत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसू नये म्हणून तोंड वळवतही नव्हता. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं आणि डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं नाव सांगितलं. सिकल सेल.

रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असायला हव्यात, हिच्या विळ्यासारख्या वाकतात, बाईंनी समजावलं. वाकल्या की नसांच्या बारीक गल्ल्यांत अडकतात आणि मग ठणका लागतो. दुखणं मुळासकट जायचं नाही, पण त्याच्यासोबत नीट जगता येतं. रोजची पिवळी गोळी, थंडीत ऊब, आणि पाणी. "पाणी कमी पडलं की त्या आणखी वाकतात," बाई म्हणाल्या. "तहान लागायची वाट बघू नको."

तिथल्या प्रयोगशाळेत एक ताई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. तिनं ऐश्वर्याला बोलावून आत बघू दिलं. गुलाबी उजेडात गोल गोल ठिपके होते आणि मध्येच एखादी बारीक कोर. ऐश्वर्या किती वेळ बघत राहिली. दुखणं विसरून ती पहिल्यांदा काय बोलली, तर "ताई, इथं बसायला किती शिकावं लागतं?"

तर एसटीत बसल्या बसल्या तिनं विचारलं, "आबा, सेल म्हणजे बॅटरीतला ना?"

आबा म्हणजे तिचे आजोबा, किशनराव. उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवण्यात गेला, आणि आता निवृत्त होऊनही लेकरानं विचारलेला प्रश्न त्यांना तसाच ठेवता येत नसे.

"तो बी सेल आन् हा बी सेल," ते म्हणाले. "मुळात सेल म्हणजे लहान खोली. पूर्वी एका माणसानं झाडाच्या सालीची पातळ चकती कापली आन् भिंगाखाली धरली. बघतो तर काय, भिंतीला भिंत लागून इवल्या इवल्या खोल्या! त्यांच्याकडं साधू ज्या खोलीत राहायचे तिला सेल म्हणायचे. यानं तेच नाव दिलं. औरंगाबादच्या लेण्यात बघितल्या न्हाई का आपण भिक्खूंच्या खोल्या?"

ऐश्वर्याला आठवलं. दगडात कोरलेली एवढीशी खोली, त्यात दगडाचाच ओटा. ती त्यावर आडवी झाली होती आणि धाकटा आयुष, दीदी उठत नाही म्हणून भोकाड पसरून रडला होता.

"मग मोहोळाचं घर?"

"तो बी सेल. बराबर बोललीस. कैद्याची कोठडी, ती बी. तुझ्या मामाचा नवा मोबाइल हाये ना, त्याला सेल फोन काहून म्हणतात? समद्या मुलखाचे मोहोळासारखे तुकडे पाडलेत आन् एकेका तुकड्यात एक टॉवर. आन् आपल्या बॅटरीतला सेल म्हणजे मसाला भरलेली जस्ताची खोली."

पुढच्या बाकावरच्या बाईनं मान वळवली. "गुरुजी, हिंगोलीत साड्यांचा सेल लागलाय म्हणतेत, तो कोणता?"

"तो येगळा, बाई," आबा म्हणाले. "त्यात खोली न्हाई, नुसती गर्दी."

सगळे हसले. ऐश्वर्या हसली नाही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग माझ्याच खोल्या वाकड्या काहून, आबा?"

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. वसमत जवळ आलं होतं.

"काहून ते मला न्हाई सांगता यायचं," ते शेवटी म्हणाले. "पण तुझा पप्पा गवंडी हाये. भिंत कलायला लागली तर तो काय करतो?"

"टेकू देतो."

"पाणी हा तुझा टेकू."

तेव्हापासून घरात पाण्याची शिस्त बसली. आबा स्वतः बाटली भरत. आबांच्या रेडिओचे सेल उतरले की ते माळवदावर उन्हात ठेवायची घरची जुनी रीत. आणखी दोन दिवस बातम्या ऐकायला मिळत. थंडीत सकाळी ऐश्वर्यालाही ऊब लागावी म्हणून त्याच कोपऱ्यात बसवत. आयुष खालून ओरडायचा, "आबा, दीदीचे बी सेल काढून उन्हात ठिवा!" आणि ती त्याच्या मागं धावायची.

पण भीमराजनं एक गोष्ट तेव्हाच सांगून टाकली होती. "पुन्हा असं झालं तर शाळा बंद. घरी बसून आबांपाशी शीक. दहावी बाहेरून दे." तो रागानं बोलत नव्हता. पाठीवरचं ते वजन त्याला अजून जाणवत होतं, म्हणून बोलत होता. ऐश्वर्याला मात्र ती गुलाबी उजेडाची खिडकी दिसत होती, आणि तिथं बसायचं तर विज्ञान पाहिजे, विज्ञानाला शाळा पाहिजे, हे तिला आबांनी सांगायची गरज नव्हती.

म्हणून त्या रिकाम्या बाटलीचं तिच्या मनावर इतकं ओझं होतं. कारण ती पाणी पीत नव्हती.

गावातली शाळा सातवीपर्यंतच. आठवीपासून शेजारच्या गावी जायचं. मसाजी मेंढपाळाची राधिका आणि ती, दोघी शेतातल्या पायवाटेनं जात. शाळेमागं तुरीचं रान होतं. तूर उभी होती तोवर दुपारच्या सुट्टीत पोरी आळीपाळीनं तिकडे जात, एकीनं ओढणी धरायची, दुसरीनं जायचं. मग तूर निघाली. रान पार तळहातासारखं उघडं झालं. पोरांना शाळेची मागची भिंत होती. पोरींना काही नव्हतं. त्या दिवसापासून आठवीच्या पोरींनी पाणी पिणं सोडलं. कुणी कुणाला सांगितलं नाही. सकाळी घरी घोटभर, मग थेट संध्याकाळी.

"पी की घोटभर," राधिका कधी कधी म्हणायची. "तुला डॉक्टरनं सांगितलंय ना?"

"आन् मग?"

राधिका खिडकीबाहेरच्या उघड्या रानाकडे बघायची. "माझ्या बापाच्या मेंढ्या बऱ्या," ती म्हणायची. "जिथं वाटलं तिथं."

भरलेली बाटली घरी न्यायची सोय नव्हती. परतीच्या वाटेवर, नाल्याच्या वळणाशी, गुडघ्याएवढं कडुलिंबाचं रोप उगवलेलं होतं. ऐश्वर्या तिथं बसायची आणि बाटली त्याच्या बुडाशी रिकामी करायची. पहिल्या दिवशी तिनं आधी मागंपुढं बघून घेतलं. नंतर रोपाला नवी पालवी आली तेव्हा मात्र तिला वाटलं, चला, कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

फाल्गुनाचं ऊन चढायला लागलं होतं. त्या दिवशी जवळा बाजार या गावचा आठवडी बाजार होता आणि आबा नाल्याच्या वाटेनं चालत गेले. संध्याकाळी ते घरी आले, पिशवीतली वांगी सुनेच्या हाती दिली, बाटली घेतली, उलटी धरली. एकही थेंब पडला नाही. पण आज ते "शाब्बास" म्हणाले नाहीत.

"नाल्याच्या वळणावरचा लिंब चांगला फुटलाय," ते एवढंच बोलले. "आजूबाजूचं गवत वाळून कोळ झालं. त्याच्या बुडाला तेवढी ओल हाये."

ऐश्वर्यानं मान खाली घातली. आबांनी बाटली धुतली, पालथी घातली आणि रेडिओ लावला. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ठरवून निम्मी बाटली प्यायली, आणि शेवटच्या दोन तासांना बाकावर अंग असं घट्ट आवळून बसली की सरांनी काय शिकवलं ते एक अक्षर कळलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा रोपाला पाणी मिळालं. आणि पुढच्या आठवड्यात, एका सकाळी उठायला गेली तर पाय उचलेनात.

आई, करुणा, त्या दिवशी मजुरीला गेली नाही. तिनं चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि नडग्यांना शेक देत बसली. आबांनी वाटीवाटीनं पाणी पाजलं. गोळ्या दिल्या. दुपारनंतर ठणका हळूहळू उतरला. तालुक्याला न्यावं लागलं नाही, पण हिंगोलीहून कामावरून आलेल्या भीमराजनं लेकीचा पांढराफटक चेहरा बघितला आणि डबा खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "बस झालं. उद्यापासून शाळा न्हाई."

ऐश्वर्यानं भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी आबा तिच्या बाजेपाशी येऊन बसले. हातात खडू होता. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात खडूचा तुकडा असायचाच.

"मी काही विचारत न्हाई," ते म्हणाले. "तू एवढंच कर. तुझ्या शाळेतल्या समद्या खोल्या मला काढून दाखव. मी आत कधी गेलोच न्हाई."

ऐश्वर्या सावकाश खाली उतरली. फरशीवर तिनं फाटक काढलं. मग हापिस, त्याच्या दारात घंटा. मग ओळीनं वर्ग.

"ही कशाची?"

"प्रयोगशाळा. हिला कायम कुलूप असतंय."

"बरं. आन् ही?"

"खिचडीची. खालच्या वर्गाच्या लेकरांची."

"एकेका खोलीत एकेक काम," आबा म्हणाले. "मोहोळासारखं. आता पाणी कुठं हाये?"

तिनं हापसा काढला.

"सुट्टीत पोरं कुठं जातात?"

तिनं मागच्या भिंतीवर एक फुली मारली.

"आन् पोरी?"

खडू थांबला. ऐश्वर्यानं भिंतीपलीकडे उभ्या रेघा ओढल्या, शेजारी शेजारी, दाट. तूर. मग तिनं तळवा टेकवला आणि त्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या. फरशीवर नुसता पांढरा धूसर पट्टा राहिला.

आबा त्या पट्ट्याकडे बघत राहिले.

दारात करुणा डाळ निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "त्यात काय नवं, आबा?" ती मान वर न करता म्हणाली. "आमी कापूस वेचाया जातो तवा दिसभर पीत न्हाई. पुरुष असतात रानात. बायांचं असंच असतंय."

"तुझ्या खोल्या गोल हायेत, पोरी," आबा हळूच म्हणाले. "तुला बी तकलीफ झालीच असंल. पर हिच्या वाकड्या हायेत."

करुणाचे हात सुपात थांबले.

आबांनी ते चित्र पुसू दिलं नाही. आयुषला त्यावरून चालू दिलं नाही. संध्याकाळी भीमराज आला तेव्हा ते म्हणाले, "भीमराज, हिकडं ये. एक नकाशा बघायचाय. बांधकामात काय राहून गेलं सांग."

भीमराज थकला होता. पण बापानं असं विचारलं की तो अजूनही चौथीतल्या पोरासारखा उत्तर द्यायला बसायचा. तो उकिडवा बसला. बोटांच्या पेरांत सिमेंट वाळलेलं होतं. "फाटक. हापिस. हे वर्ग. हापसा लांब घेतलाय, चिखल नको म्हणून, बराबर हाये..." त्याचं बोट पुढं सरकत गेलं आणि त्या धूसर पट्ट्यापाशी थांबलं. "न्हाणी-संडास कुठं हाये?"

"तेच इचारतो."

"अवो, एवढ्या पोरी हायेत शाळेत..."

तो बोलता बोलता थांबला. त्या महिन्यात तो हिंगोलीच्या एका नव्या बंगल्यात फरश्या बसवत होता. त्या एका घरात तीन संडास होते, एकाच्या फरश्या गुलाबी. त्यानं लेकीकडे बघितलं.

"म्हणून पाणी पीत नव्हतीस?"

तिनं मान हलवली.

"मला काहून न्हाई सांगितलं, बाळा?"

"तुमाला कसं सांगू, पप्पा?"

भीमराजनं बाहीनं तोंड पुसलं. तोंडावर धूळ होती, त्यामुळं तो नेमकं काय पुसतोय ते कुणाला विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबा आणि भीमराज शाळेत गेले. हेडसर भला माणूस होता. त्यानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि खाली मान घालून सांगितलं की पोरींच्या संडासाचं काम मंजूर झालेलं आहे, गुत्तेदार खड्डा आणि पाया खोदून गेला तो पुन्हा फिरकला नाही. "मी अर्ज करून करून थकलो, गुरुजी," तो म्हणाला. तो खड्डा शाळेमागं होता. त्यात पोरं गोट्या खेळत होती.

भीमराजनं खड्ड्यात उतरून बघितलं. "पाया बरा हाये," तो वर येत म्हणाला. "सर, गुत्तेदार येईल तवा येईल. म्या रविवारी आलो तर चालंल का?"

"मी तुम्हाला नाही म्हणेन असं वाटतं का?" हेडसर म्हणाले.

मग रविवारी कामाला सुरुवात झाली आणि आणखी दोन रविवार ते चाललं. विटा हेडसरांनी आणि गावातल्या चारदोन घरांनी दिल्या. राधिकाचा बाप मसाजी खांद्यावर पत्रा घेऊन आला, कोकरं झाकायचा.

"अन् कोकरं?" भीमराजनं विचारलं.

"कोकरं राहतील उघड्यावर. त्यांला कोण बघतंय?" मसाजी म्हणाला. "माझी लेक घरी येऊन तांब्याभर पाणी एका दमात पिते. मला वाटायचं उन्हानं."

पाय बरे झाले होते म्हणून ऐश्वर्याही आली होती. तिला काम करू देत नव्हते. ती आबांशेजारी बाभळीच्या सावलीत बसून देखरेख करत होती. भिंत कमरेएवढी आली तेव्हा भीमराजनं हाक मारली, "ऐश्वर्या, आत उभी राहून बघ गं. पुरते का?"

ती आत जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरले. "आबा, एक भिक्खू झोपंल एवढी हाये."

"झोपायचं न्हाई तिथं!" मसाजी ओरडला, आणि थापी हातात धरून भीमराज कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसला.

दार जुनंच मिळालं, कुणाच्या तरी गोठ्याचं. त्याला बाहेरून कोयंडा होता. भीमराज तेवढ्यावर काम भागवणार होता, पण ऐश्वर्या अडून बसली. "आतून कडी पाहिजे, पप्पा."

"बाहेरचा कोयंडा हाये ना. एकीनं उभं राहायचं."

"न्हाई. आतून."

"लाव तिच्या म्हणण्याप्रमाणं," आबा म्हणाले. "कोठडी बी लहान खोली आन् ही बी लहान खोली. फरक एवढाच, कडी कोणच्या बाजूला हाये."

भीमराज सायकल घेऊन जवळा बाजारला गेला आणि लोखंडी कडी घेऊन आला. ती बसवून झाल्यावर ऐश्वर्या आत गेली. कडी सरकल्याचा आवाज बाहेर सगळ्यांनी ऐकला. आत नवं भांडं सोडलं तर विशेष काही नव्हतं. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी येत होती, ओल्या सिमेंटचा वास होता. ती नुसती उभी राहिली. बाहेरून राधिका दार वाजवायला लागली, "निघ गं बाहेर, आमाला बी बघायचंय!"

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी बाटली आबांनी भरली, पण ऐश्वर्याच्या हातात दिली ती भीमराजनं. शाळा बंद करायच्या गोष्टीबद्दल तो काहीच बोलला नाही. नुसता म्हणाला, "हापशावर पुन्हा भरून घेत जा."

दुखणं त्यानंतर कधी आलंच नाही असं नाही. पावसाळ्यात एकदा आलं, नववीत एकदा आलं. तेव्हा करुणानं वीट तापवली, आबांनी पाणी पाजलं, आणि बरं वाटल्यावर भीमराजनं तिला सायकलवर बसवून शाळेत सोडलं.

पण तो सोमवार वेगळा होता. दुसऱ्याच तासाला ऐश्वर्यानं बाटलीचं झाकण उघडलं आणि सगळ्या वर्गादेखत पाणी प्यायली. तिच्या मागून राधिका प्यायली. मग मागच्या बाकावरच्या पोरींनी हात पुढं केले आणि बाटली बाकांवरून फिरत राहिली. सर म्हणाले, "काय गं, लग्नाची पंगत बसलीय का?" दुपारी तिनं ती हापशावर भरली आणि घरी निघेपर्यंत पुन्हा रिकामी केली.

नाल्याच्या वळणाशी आल्यावर तिची पावलं सवयीनं थांबली. लिंबाच्या रोपाची पालवी उन्हानं जराशी मलूल झाली होती. ऐश्वर्यानं बाटली उलटी धरली. एकही थेंब पडला नाही. तिला एकदम वाईट वाटलं.

"आता कसं करायचं गं याचं?" ती राधिकाला म्हणाली.

तेवढ्यात वळणापलीकडून आबा आले. धोतर एका हातानं वर धरलेलं, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला तेलाचा जुना डबा. दम लागला होता. त्यांनी दोघींकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या बाटलीकडे, आणि डबा रोपाच्या बुडाशी हळूहळू कलता केला.

"त्याच्या बी खोल्या हायेत, बाई," ते म्हणाले. "त्याला का म्हणून तहानलेलं ठिवायचं?"